लग्नपत्रिका : मजकुरापासून टपालापर्यंत

लग्न ठरले, बैठक झाली, मंगल कार्यालयाची तारीख मिळाली, की घरात पत्रिकेचा विषय निघतो. हौसेचा बराचसा वेळ कागद निवडण्यात जातो. सोनेरी गणपती हवा की नक्षीदार तोरण, पाकीट केशरी असावे की मरून, यावर दोन-तीन संध्याकाळी चर्चा रंगते. मजकूर मात्र छापखान्यातील नमुना वहीतला एखादा क्रमांक सांगून उरकला जातो आणि पाकिटांवरची नावे अखेरच्या दोन रात्रींत घरातल्या मुलांना बसवून लिहून घेतली जातात. कार्य पार पडल्यानंतर कागद कसा होता हे कोणाच्याही स्मरणात राहत नाही. 'आमच्या घरी पत्रिकाच आली नाही', 'पाकिटावर फक्त ह्यांचे नाव होते', 'आईचे नाव का गाळले' ही बोलणी मात्र पुढची वीस वर्षे चालू राहतात. पत्रिका हे मुळात नावांचे काम आहे, हे ध्यानी घेऊन तयारी केल्यास खर्चही आटोक्यात राहतो आणि मनेही दुखावत नाहीत.

अक्षत ते पत्रिका

छपाई घरोघरी पोहोचण्यापूर्वी निमंत्रण म्हणजे 'अक्षत' होती. कुंकवात माखलेले तांदूळ घेऊन घरातील जोडपे किंवा वडीलधारी मंडळी दारोदार जात आणि तोंडी बोलावणे करीत. पहिली अक्षत देवाची, मग गावाची, मग आप्तेष्टांची असा क्रम असे. आजही पुण्यात अनेक घरांची पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवली जाते. कोणी तुळजापूर, जेजुरी, कोल्हापूर येथे कुलदैवताला नेऊन ठेवतात. टपालाने जाणाऱ्या पत्राच्या कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटे लावण्याची चालही याच परंपरेतली. पत्र उघडण्याआधीच वार्ता मंगल आहे हे घरातल्यांना कळावे, हा त्यामागील हेतू. मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, त्याच्या नेमकी उलट अशी ही खूण होती.

या परंपरेचे मर्म असे, की बोलावणे माणसाने माणसाला नाव घेऊन करायचे असते. छापील पत्रिका ही सोय झाली. तिने नाव घेण्याची जबाबदारी संपवली नाही, ती पाकिटावर आणून ठेवली.

आधी यादी, मग पत्रिका

पत्रिका किती छापाव्यात, या प्रश्नाचे उत्तर पाहुण्यांच्या संख्येत नसून घरांच्या संख्येत असते. चारशे पाहुण्यांसाठी चारशे पत्रिका लागत नाहीत. त्यामुळे यादी कुटुंबवार करावी. वही असो वा संगणकावरील तक्ता, प्रत्येक घरासाठी पुढील रकाने ठेवावेत : कुटुंबप्रमुखांची नावे, घरातील इतर व्यक्ती, पूर्ण पत्ता पिन कोडसह, दूरध्वनी, पत्रिका हाती द्यायची की टपालाने, आणि पाठविल्याची तारीख. शेवटचा रकाना सर्वाधिक उपयोगी पडतो. 'पाठवली होती' आणि 'पाठवली असावी' यांतला फरक तोच सांगतो.

यादी दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांपुढे एकदा मोठ्याने वाचावी. आत्याच्या सासरची माणसे, आजोळचे शेजारी, वडिलांचे जुने सहकारी ही नावे तरुणांच्या मोबाइलमध्ये सापडत नाहीत. एकत्र राहणाऱ्या पण वेगळ्या चुली असलेल्या भावांना स्वतंत्र पत्रिका द्यावी. एका पाकिटावर दोघांची नावे घालण्यात वाचते ते फार थोडे, आणि गमावण्याचा संभव मोठा.

एकूण संख्येवर शेकडा दहा पत्रिका अधिक छापाव्यात; पुन्हा थोड्या छापून घेणे महागात पडते. रिकामी पाकिटे त्याहूनही थोडी जास्त मागून घ्यावीत, कारण चूक पत्रिकेत होत नाही, पत्ता लिहिताना होते.

मजकुरातील अडणारी स्थळे

मराठी पत्रिकेचा साचा ठरलेला आहे. वर गणेशस्मरण व कुलस्वामिनीचा उल्लेख, मग वधूवरांची नावे, तिथी, वार, दिनांक, मुहूर्त, विवाहस्थळ, निमंत्रकांची नावे आणि खाली मुलांची 'किलबिल'. जुन्या पत्रिकांमध्ये वधूवरांचा 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असे सरळ छापलेले असे. ते शब्द मागे पडून 'शुभविवाह' रूढ झाला. सत्यशोधक, बौद्ध अथवा नोंदणी पद्धतीच्या विवाहांच्या पत्रिका आपापल्या विचारांप्रमाणे वेगळ्या असतात. त्यांत नमुना वहीतील देवतांची नावे व मुहूर्त अनवधानाने तसेच राहून जाऊ नयेत.

*उपाधी.* 'चि.' म्हणजे चिरंजीव. 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणूनच 'कां'वर अनुस्वार हवा. अनेक पत्रिकांत तो गळतो. दिवंगत व्यक्तीच्या नावामागे 'कै.' लागते. यादीतील नावे उतरवताना कोणाच्या नावामागे 'कै.' आहे आणि कोणाच्या नाही, हे घरातील जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. हयात माणसाच्या नावामागे ते चुकून लागले, तर त्या घराची क्षमा मागण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

*आईचे नाव.* वधू किंवा वराचे वडील हयात नसतील, तर निमंत्रक म्हणून काका किंवा मामांची नावे घालायची आणि आईला ओळीत कोठे तरी मागे ठेवायचे, असा प्रघात अनेक घरांत होता. मूल वाढवले आईने, कार्याचा भार उचलला आईने आणि बोलावणे मात्र दुसऱ्याच्या नावाने, ही विसंगती आता तरी दूर व्हावी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा, असे आवाहन केले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे राज्याने बंधनकारक केले. शासनाच्या कागदावर आईला जागा मिळत असताना घरच्या पत्रिकेत ती नसावी, याला काही अर्थ नाही. 'श्रीमती' अमुक यांची कन्या किंवा चिरंजीव असे पहिल्या ओळीत छापण्यास कोणतेही शास्त्र आड येत नाही. उपाधीबद्दल संकोच वाटत असेल, तर तिचे संपूर्ण नाव उपाधीविना छापावे.

*तिथी व दिनांक.* शालिवाहन शक काढताना गुढीपाडव्यानंतरच्या तारखेसाठी इसवी सनातून ७८ आणि जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९ वजा करावेत. २०२६ च्या पाडव्यानंतर शके १९४८ येते ते असे. सोयरीक उत्तर भारतीय कुटुंबाशी असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपल्याकडची कार्तिक वद्य पंचमी ही त्यांच्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण पंचमी असते. दिवस एकच, महिन्याचे नाव वेगळे. दोन्ही घरांच्या पत्रिका शेजारी ठेवल्या, तर कोणाला तरी चूक झाल्यासारखे वाटेल, म्हणून इंग्रजी तारीख व वार ठळक असावा. वार आणि तारीख जुळतात की नाही, हे दिनदर्शिका उघडून पाहावे.

*वेळ.* 'गोरज मुहूर्त' एवढेच छापू नये. घड्याळाची वेळ द्यावी. मुहूर्त, स्वागतसमारंभ आणि भोजन यांच्या वेळा वेगळ्या छापल्यास नोकरदार पाहुण्यांची सोय होते.

*कोणाला बोलावले आहे ?* 'सहकुटुंब सहपरिवार' छापले, की सारे घर आमंत्रित झाले. केवळ पती-पत्नींना बोलवायचे असेल, तर त्यासाठी 'उभयतांनी अगत्य येण्याचे करावे' हा नेमका शब्दप्रयोग मराठीत आहे. केटररला पानांचा आकडा सांगताना याच शब्दांचा आधार घ्यावा लागतो. आहेर स्वीकारायचा नसेल, तर ते एका साध्या ओळीत सांगावे.

छपाई

मुंबईत गिरगावातील कांदेवाडी आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर पत्रिकांसाठी प्रसिद्ध आहे. बहुतेक ठिकाणी कोऱ्या तयार पत्रिका निवडायच्या आणि त्यांवर मजकूर छापून घ्यायचा, अशी पद्धत असते. थोड्या प्रतींसाठी स्क्रीन प्रिंटिंग किंवा डिजिटल छपाई परवडते, मोठ्या संख्येसाठी ऑफसेट.

कागद निवडताना वजनाचा हिशेब करावा. ए-फोर आकाराच्या, ३०० जीएसएमच्या एका तावाचे वजन १९ ग्रॅमच्या आसपास भरते. १२० जीएसएमच्या तावाचे साडेसात ग्रॅम. पाकीट, गणपतीचे चिकटवलेले चित्र, रेशमी दोरा ही भर वेगळी. शंभर पत्रिका टपालाने जायच्या असतील, तर जाड कागदाची किंमत छापखान्यात एकदा आणि टपाल कार्यालयात दुसऱ्यांदा मोजावी लागते. टपालासाठी पातळ कागदावरची आवृत्ती वेगळी छापणे हा सुज्ञ मार्ग. देवतांची मोठी चित्रेही बेताने घ्यावीत. अशी पत्रिका लग्नानंतर टाकून देण्यास मन धजत नाही आणि ती घरोघर कपाटात पडून राहते.

मुद्रित तपासताना मराठीची एक खास अडचण येते. अनेक छापखान्यांत श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे टंक वापरात आहेत आणि ग्राहक मजकूर पाठवतो तो मोबाइलवरून युनिकोडमध्ये. रूपांतर करताना रफार, जोडाक्षरे आणि विशेषतः 'ऱ्ह', 'ऱ्य' ही अक्षरे बिघडतात. आडनावांत व गावांच्या नावांत ती वारंवार येतात. म्हणून मजकूर पाठवून निश्चिंत होऊ नये. छपाईला जाणारे अंतिम पान कागदावर किंवा पीडीएफ स्वरूपात मागवावे. ते दोघांनी तपासावे, एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने मूळ यादीशी ताडून पाहावे. शेवटी कुटुंबाबाहेरच्या एखाद्याला द्यावे. घरची माणसे ओळखीचे नाव न वाचताच पुढे जातात.

पाकिटावरचे नाव आणि पत्ता

पूर्वी पाकिटावर 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, वडीलधाऱ्यांसाठी 'ती.' म्हणजे तीर्थरूप, असे मायने लिहिले जात. आज 'श्री. व सौ.' पुरते, परंतु तेथेही विचार हवा. 'श्री. अमुक व कुटुंबीय' लिहिण्यापेक्षा पती-पत्नी दोघांची नावे लिहावीत. आमंत्रण मुळात मैत्रिणीला किंवा महिला सहकाऱ्याला असेल, तर तिचे नाव प्रथम. एकट्या राहणाऱ्या आत्या-मावशींना भाच्याच्या पाकिटात गुंडाळू नये, त्यांच्या नावाची स्वतंत्र पत्रिका जावी. 'श्रीमती' हा शब्द सरकारी व्यवहारात सर्व स्त्रियांसाठी चालतो, पण घरगुती वापरात तो विधवांसाठी रूढ असल्याने काहींना खटकतो. शंका असल्यास उपाधी न लावता पूर्ण नाव लिहून 'यांस' जोडावे.

पत्ता उतरत्या क्रमाने न लिहिता चढत्या क्रमाने लिहावा : घर क्रमांक, इमारत, रस्ता, परिसर, गाव, तालुका, जिल्हा, पिन. तालुका लिहिण्याचा कंटाळा करू नये. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव मावळ अशी निरनिराळी गावे आहेत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर अशी नामांतरे गेल्या काही वर्षांत झाली. नाव जुने लिहिले काय किंवा नवे, पिन अचूक असेल तर पत्र योग्य कार्यालयात पोहोचते.

ही पिन कोडची व्यवस्था एका मराठी माणसाची देणगी आहे. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. देशातील सारखी गावनावे, भिन्न लिप्या आणि अपुरे पत्ते यांवर तो उपाय होता. सहा अंकांपैकी पहिला विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा तो ४. पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी होणारा जिल्हा दाखवतात, जसे मुंबई ४००, पुणे ४११, नागपूर ४४०, गोवा ४०३. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. पहिला अंक ९ असेल तर पत्र लष्करी टपालाचे. सैन्यातील नातलगाला पत्रिका पाठवताना हुद्दा, नाव, तुकडी आणि त्याने दिलेला लष्करी टपालाचा पत्ताच लिहावा, तैनातीच्या ठिकाणाचे नाव लिहू नये.

गडद पाकिटावर सोनेरी शाईने लिहिलेला पत्ता पोस्टमनला संधिप्रकाशात दिसत नाही. अशा पाकिटावर पांढरी चिठ्ठी चिकटवावी. महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या पाकिटावर पत्ता इंग्रजीत असावा. मागील बाजूस पाठवणाऱ्याचा पत्ता अवश्य लिहावा. घर बदललेल्या स्नेह्याची पत्रिका परत आली, तर निदान ती पोहोचली नाही हे तरी वेळेत कळते.

टपालात टाकताना

उघड्या पाकिटाची झडप आत खोचून, कोपऱ्यात 'बुक-पोस्ट' छापून पत्रिका पाठवण्याची पद्धत कित्येक दशके चालली. छापील मजकूर असल्याने दर कमी लागे आणि आत खासगी पत्र नाही हे खात्याला पाहता यावे म्हणून पाकीट बंद करायचे नसे. २०२३ चा नवा टपाल कायदा जून २०२४ मध्ये अमलात आला. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा न राहता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. त्यामुळे मागच्या लग्नातल्या हिशेबावर विसंबू नये. अक्षता, पाकीट, चिकटपट्टी यांसह तयार झालेली एक पत्रिका टपाल कार्यालयाच्या खिडकीवर नेऊन तोलून घ्यावी आणि त्या दिवशीचा दर विचारूनच तिकिटे विकत घ्यावीत. तिकीट कमी पडलेले पत्र 'नॉटपेड' ठरते आणि तुटीचा भुर्दंड पाहुण्याच्या माथी येण्याची वेळ येते. निमंत्रण देऊन वर पैसे मागितल्यासारखे ते दिसते.

मणी, गाठी, लाखेची मुद्रा असलेली पाकिटे छाटणीत फाटतात. ती दुसऱ्या साध्या पाकिटात घालावीत. अक्षता कोरड्या, मोजक्या आणि छोट्या पुडीत असाव्यात. ओल्या कुंकवाचे डाग पत्त्यावर उतरतात. परदेशी जाणाऱ्या पाकिटात मात्र अक्षता घालूच नयेत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत धान्य-बियाण्यांवर किडीच्या भीतीने कडक निर्बंध आहेत आणि तांदळाच्या चार दाण्यांसाठी पत्रिका अडकू शकते.

शंभर-दोनशे पाकिटे रस्त्यावरच्या पेटीत कोंबू नयेत. स्थानिक, राज्यातील व परराज्यातील असे गठ्ठे करून ती कार्यालयातच द्यावीत. परदेशच्या पत्रिका दोन महिने आधी, परगावच्या महिनाभर आधी आणि गावातल्या हाती द्यायच्या पत्रिका पंधरा-वीस दिवस आधी निघाव्यात. ज्येष्ठ व्यक्तींच्या पत्रिका स्पीड पोस्टने पाठवल्यास पोहोचल्याची खातरजमा करता येते. टपालानंतर आठ-दहा दिवसांनी एक फोन करून 'पत्रिका मिळाली का ?' असे विचारावे. जुन्या अक्षतीच्या बोलावण्याची जागा आता हा फोनच घेऊ शकतो.

मोबाइलवरची पत्रिका

व्हॉट्सअ‍ॅपवरून पत्रिकेचे चित्र पाठवण्याची रीत आता सर्वमान्य झाली आहे आणि दूरच्या परिचितांसाठी ती योग्यही आहे. मात्र समूहावर टाकलेली पत्रिका म्हणजे निमंत्रण नव्हे, ती सूचना झाली. ज्याला बोलवायचे, त्याला स्वतंत्र संदेश पाठवून त्यात त्याचे नाव घालावे.

येथे सावधगिरीही हवी. लग्नपत्रिकेच्या नावाखाली 'एपीके' ही घातक फाइल पाठवून मोबाइलमधील माहिती व बँकेतील पैसे लांबवण्याचे प्रकार घडले आहेत. हिमाचल प्रदेश पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याबाबत इशारा दिला होता. २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यात अशा फसवणुकीची तक्रार झाली. अनोळखी क्रमांकावरून आलेली पत्रिका उघडू नये. यजमानांनीही केवळ चित्र किंवा पीडीएफ पाठवावे आणि सोबत स्वतःचे नाव लिहावे, म्हणजे पाहुण्यांना संशय राहणार नाही.

चार प्रती जपून ठेवाव्यात

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये विवाह नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी इतर कागदपत्रांसोबत लग्नपत्रिका मागितली जाते. ती नसल्यास प्रतिज्ञापत्र करावे लागते. पत्रिका म्हणजे विवाहाचा संपूर्ण पुरावा नव्हे, तरी दिनांक, स्थळ आणि नावे यांना ती आधार देते. म्हणून वधूवरांची कागदोपत्री नावे पत्रिकेत यावीत. लाडके नाव घालायचे असल्यास ते कंसात असावे.

कागद, रंग आणि नक्षी यांची निवड ज्याच्या त्याच्या ऐपतीची व आवडीची. शाळेतल्या जुन्या शिक्षकांचे नाव शुद्ध लिहिणे, निमंत्रकांत आईला तिची जागा देणे आणि एकट्या राहणाऱ्या मावशीच्या पत्त्यावर पिन तपासून घालणे यांना मात्र पैसे पडत नाहीत, थोडा वेळ लागतो. तो वेळ शेवटच्या दोन रात्रींसाठी शिल्लक ठेवू नये.